डाव्या पंखाखाली

"शशी, बूट घट्ट बांध. आणि खिशातलं सगळं काढून ठेव," भालके नाना म्हणाले.

मी खिशातला पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि काडेपेटी हँगरच्या दाराजवळच्या पिंपावर ठेवली आणि बूट बांधायला खाली वाकलो. तेवढ्यात पहिला झोत आला. मोठा नव्हता. पिंपावरची काडेपेटी उडाली आणि हँगरच्या आत सरपटत गेली, एवढंच. पण मान वर केली तेव्हा नानांचं तोंड पश्चिमेकडे होतं आणि त्यांनी टोपी काढून पट्ट्यात खोचली होती.

पश्चिमेला आभाळ तांब्याच्या जुन्या हंड्यासारखं झालं होतं. खाली काळं, वर लालसर. अजून उन्हाचा एक पट्टा धावपट्टीवर पडलेला होता.

ही एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला खडकओढ्याचा माळ आहे. तिथं तेव्हा एक छोटा फ्लाइंग क्लब होता. एक धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर, एक कौलारू ऑफिस आणि दोन विमानं. विमान म्हणजे मोटरगाडीएवढं. वर दोन पंख, पुढं एक पंखा, आत चार माणसांची दाटीवाटी. पोरं तिथं विमान चालवायला शिकायची आणि मी व भालके नाना ती विमानं दुरुस्त करायचो. मी सव्वीस वर्षांचा होतो. नाना पंचेचाळिशीचे, लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आलेले. हातात पाना कसा धरायचा इथपासून मला त्यांनी शिकवलं होतं.

त्या दिवशी दुपारी 'डीके' बाहेर होतं. विमानाच्या नंबरातली शेवटची दोन अक्षरं ती, तेच आम्ही त्याचं नाव केलं होतं. कॅप्टन साबळे आणि त्यांची शिकाऊ विद्यार्थिनी कल्याणी इनामदार सोलापूरपर्यंत जाऊन परत येत होते. कल्याणी एकोणीस वर्षांची, तासगावच्या डॉक्टरांची मुलगी. वीस मिनिटांपूर्वी रेडिओवर तिचा आवाज आला होता, "खाली वारा कसा आहे?" ऑफिसातून उत्तर गेलं होतं, "शांत." तेव्हा खरोखरच शांत होता.

"आलं," मी म्हणालो.

पूर्वेकडून डीके येत होतं. डावीउजवीकडे झोकांड्या खात, पण येत होतं. एक चाक टेकलं, उचललं, परत टेकलं, मग दुसरं. ऑफिसच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही जिवात जीव आला.

"उतरले बाबा एकदाचे."

"उतरलेत," नाना म्हणाले, "घरात कुठं आलेत अजून?"

मला त्यांचं बोलणं नीट कळलं नाही. विमान एकदा जमिनीला लागलं की झालं, असंच मला वाटायचं. नाना पुढं म्हणाले, "हवेत हाय तोवर ते वाऱ्यासंगं जातं. जमिनीवर आलं की त्याची गत बैलगाडीसारखी. पर पंख तसंच हाईत की. पंखाला काय ठाऊक चाकं टेकलीत म्हणून? वारं घुसलं की ते उचलणार."

तेवढ्यात विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारा तो कापडी झोळ, इतका वेळ लोंबत होता तो फाडकन आडवा झाला. काठीसारखा ताठ. आणि उन्हाचा पट्टा विझला.

"पळ," नाना म्हणाले.

धावपट्टीच्या टोकाला डीके थांबलं होतं. हँगरपासून तीनशे पावलं असेल. कॅप्टन साबळेंनी विमानाचं तोंड वाऱ्याकडे, पश्चिमेला, करून ठेवलं होतं. इंजिन चालू होतं. आम्ही पळत होतो, पण वारा छातीवर हात ठेवून मागं ढकलत होता. मुरमाचे खडे गालांवर ताडताड लागत होते. दातांत वाळू. मी डोळ्यांवर आडवा हात धरून नुसता नानांच्या टाचांकडे बघत पळालो.

विमानाशी पोचलो तेव्हा ते उभ्या जागी थरथरत होतं. कल्याणी डाव्या सीटवर होती. तिच्या बाजूची छोटी खिडकी उघडी होती. कॅप्टन साबळे उजव्या सीटवरून तिच्या अंगावरून वाकून ओरडले, "दोघं डाव्या पंखाला! शशी, तू दांडा धर. भालके, तुम्ही टोक धरा. उचलू देऊ नका!"

विमानाच्या पोटापासून पंखाला खालून टेकू देणारा एक तिरका दांडा असतो. मी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. तिथून खिडकी चार हातांवर होती. नाना पंखाच्या पार टोकाला गेले आणि हात वर करून त्यांनी पंखाची कड पकडली.

तसे आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. दहा मिनिटं असतील. वारा एका लयीत येत नव्हता. तो येई, थांबे, मग दुप्पट जोरानं येई. प्रत्येक वेळी दांडा माझ्या छातीत धडधडायचा, आणि पायाखालचं वजन कमी झाल्यासारखं वाटायचं. विमान सातशे किलोचं. पण ते सातशे किलो आता कुठं गेले होते कळत नव्हतं. मी मनातल्या मनात आमच्या खंडोबाला म्हणत होतो, एवढा झोत जाऊ दे, फक्त एवढाच. तो गेला की पुढच्यासाठी परत तेच.

खिडकीतून कल्याणीचं तोंड दिसत होतं. ती रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून ती समोर बघत होती आणि दोन्ही हातांनी विमान वळवायचं चाक धरून बसली होती. तिच्या नाकातून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

मग वारा पडला. एकदम पडला. विंडसॉक लोंबला. इंजिनाचा आवाज परत नीट ऐकू आला. मी मान वर करून बघितलं तर पश्चिमेकडून धुळीची एक भिंत येत होती, आणि तिच्या मागं पांढरट पडदा.

कॅप्टन साबळेंनी नानांना हातानं जवळ बोलावलं. नाना खिडकीशी आले.

"गारा येताहेत," साबळे म्हणाले. "इथं उभं राहिलो तर पंखांची चाळण होईल. आत्ता वारा पडलाय तेवढ्यात हँगरला नेऊ."

"साहेब, नको. तोंड वाऱ्याकडं हाय, हितंच ऱ्हाऊ. वळलं की वारं पाठीवर घेणार ते."

"दोनशे मीटर आहे भालके."

"दोनशेच मीटर हाय, पर वळायचंय ना."

"मी वीस वर्षं उडतोय," साबळे म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. आज मला वाटतं, तेही भ्यालेले होते. त्यांच्या शेजारी दुसऱ्याची पोर बसलेली होती, वरून गारा येत होत्या आणि पलीकडे हँगरचं दार उघडं दिसत होतं. भ्यालेल्या माणसाला दार दिसलं की तो तिकडेच जातो. "दोघं डावीकडेच राहा. चालत चला बरोबर. सावकाश नेतो."

नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं. परत टोकाला जाऊन त्यांनी कड धरली.

विमान हललं. उजवीकडे वळायला लागलं. आम्ही पावलं टाकत बरोबर. आधी तोंड उत्तरेला झालं, मग आणखी थोडं हँगरकडे. मी मागं बघितलं. धुळीची भिंत ओढ्यापाशी पोचली होती. ओढ्याकाठची बाभळ झुकली, आणि दिसेनाशी झाली.

पंखाच्या मागच्या कडेला एक हलती फळी असते. वारा समोरून असला की ती वर ठेवायची, मागून असला की खाली, म्हणजे वारा पंखाला वरून दाबतो. विमान वळलं, तसं आतलं चाकही उलट फिरवायला हवं होतं. मी बघितलं तर फळी अजून वरच होती. कल्याणीनं चाक होतं तसंच आवळून धरलं होतं. मी ओरडलो, "खाली! फळी खाली घ्या!" माझं ओरडणं तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

झोत डाव्या पाठीमागून आला.

त्याचं वर्णन मला अजून करता येत नाही. कुणी ढकलल्यासारखं वाटलं नाही. कुणी खालून हात घालून उचलल्यासारखं वाटलं. आई निजलेल्या पोराला उचलते तसं, सहज. दांडा माझ्या हातात वर निघाला. माझ्या टाचा सुटल्या. मग पायांची बोटंही जमिनीवरून सुटली. माझे पाय हवेत होते आणि मी दांड्याला लोंबत होतो. खाली मुरूम लांब लांब जात होता. विमान उजव्या अंगावर कलंडत होतं. डोळ्यांच्या कडेनं मला नाना दिसले. पंखाचं टोक तर माझ्यापेक्षा कितीतरी वर गेलं होतं, आणि ते त्याला दोन्ही हातांनी लटकले होते. आणि मग त्यांचे हात उघडले. ते पडले, कोलांटी खाल्ली, धुळीत गेले.

मी दांडा सोडला नाही.

उजव्या पंखाचं टोक जमिनीला लागल्याचा आवाज आला, पत्र्याची पेटी चिरडावी तसा. पुढचा पंखा मुरमात घुसला. खडे, ठिणग्या, एक भयंकर खडखडाट, आणि इंजिन बंद. त्यानंतर जी शांतता होती ती फक्त वाऱ्याची होती. मी अजून वरच होतो. विमान उजव्या पंखावर तोललेलं, आता पालथं होतं की माघारी येतं असं. पालथं झालं असतं तर मी आधी खाली, माझ्यावर विमान, आणि वरच्या टाकीतलं पेट्रोल आमच्या सगळ्यांवर.

मग वाऱ्यानं दम घेतला. डावा पंख धाडकन खाली आला. माझ्या पायाखाली काहीतरी मोडलं. तो माझाच घोटा होता. चाक माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर टेकलं.

त्यानंतर गारा. मी पाठीवर पडलो होतो आणि लिंबाएवढ्या गारा तोंडावर येत होत्या. कुणीतरी धुळीतून रांगत आलं आणि माझ्यावर आडवं पडलं. नाना होते. गारा त्यांच्या पाठीवर वाजत होत्या. ते माझ्या कानात सारखे म्हणत होते, "हाईस का? हाईस का रे?" मग मला पंखाखाली ओढून ते आत गेले. कल्याणीला त्यांनीच बाहेर काढलं. साबळेंचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं होतं. त्यांनाही त्यांनीच ओढलं. पण तोवर धूळ आणि गारा इतक्या होत्या की व्हरांड्यातून काहीच दिसत नव्हतं. व्हरांड्यातल्या लोकांना जे दिसलं ते त्याआधीचं. एक माणूस पंख सोडून पडला, आणि दुसरा लोंबत राहिला.

मिरजेच्या दवाखान्यात माझ्या पायात सळई घातली. कॅप्टन साबळेंना विमान वळवल्यानंतरचं काहीही आठवत नव्हतं. कल्याणीनं झोत येताच डोळे मिटले होते. कानांवर हेडफोन होते, तिलाही काही सांगता आलं नाही, आपल्याला बाहेर कुणी ओढलं तेही. जे काही सांगायचं ते व्हरांड्यानं सांगितलं. शशिकांत वाघमोडेच्या वजनानं विमान पालथं झालं नाही, दोन जीव वाचले. क्लबनं मला शाल-श्रीफळ दिलं. इनामदार डॉक्टरांनी माझ्या आईच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. साबळेंनी मला एक पत्र लिहून दिलं, आणि त्या पत्रावर पुढच्या वर्षी मला हैदराबादला एका मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली.

नानांना कुणी काढलं नाही. फक्त पोरं त्यांना पाहून बोलायची थांबायला लागली. कुणीतरी मागून "मिलिटरीवाले" म्हणायचं आणि कुणीतरी हसायचं. दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला आणि ते गावी गेले.

जाण्याआधी ते मला भेटायला दवाखान्यात आले होते. स्टुलावर बसले. माझ्या पायाच्या प्लास्टरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला जमलं न्हाई रे, तुझ्यासारखं."

मी चादर प्लास्टरवर ओढून घेतली.

आता जे वर सांगितलं नाही ते सांगतो. विमान उचललं गेलं तेव्हा कॅप्टन साबळे कल्याणीच्या अंगावरून खिडकीकडे झेपावले होते आणि ओरडले होते, "सोडा! दोघंही सोडा! बाजूला व्हा!" तीन वेळा. मी चार हातांवर होतो. मला स्वच्छ ऐकू आलं होतं.

मला सोडायचंच होतं. त्या क्षणी जगात मला दुसरं काहीच नको होतं. पण माझी बोटं उघडेनात. मी त्यांना सांगत होतो, उघडा, आणि ती दुसऱ्या कुणाची असल्यासारखी दांड्याला रुतून बसली होती. भीतीनं लाकूड झालं होतं माझं. त्यालाच लोक धाडस म्हणाले.

चौकशीसाठी मुंबईहून एक साहेब आले होते. त्यांनी मला विचारलं, "विमानातून काही सूचना झाली होती का?" मी म्हणालो, "वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं, साहेब." तेव्हा आई शेजारी उभी होती आणि तिच्या हातात ती शाल होती.

हैदराबादला आमचे एक वरिष्ठ इंजिनिअर शिकवताना म्हणाले, पंख खांद्याच्या वर गेला की माणसानं तो सोडून पळायचं. धरून काही होत नाही, नुसता एक जीव जास्त जातो. वर्गात सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं.

अठरा वर्षांनी, दोन हजार नऊ साली, मी नानांच्या गावी गेलो. आधी तीनदा निघून स्टँडवरून परत आलो होतो. विट्याच्या पलीकडे गाव. घरापुढं पंप दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. नाना एका मोटरीची तार गुंडाळत होते. केस सगळे पांढरे, पण हात तसेच, सावकाश आणि अचूक. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"शशी. पाय कसा हाय?"

"बरा आहे नाना."

त्यांनी मला ओट्यावर बसवलं. मी बसल्या बसल्याच सांगून टाकलं. आणखी थांबलो असतो तर परत गेलो असतो. म्हणालो, "नाना, तुम्ही बरोबर केलंत. साबळे साहेब सोडा म्हणून ओरडले होते, तेव्हा तुम्ही सोडलंत. मी ऐकूनही सोडू शकलो नाही. माझी बोटं उघडली नाहीत. आणि हे मी कुणाला सांगितलं नाही."

नानांच्या हातातली तार थांबली.

"सोडा म्हणाले व्हते?"

"तुम्ही ऐकलंत ना?"

"मी कुठनं ऐकणार? मी पार टोकाला. वारं माझ्याकडनं तुझ्याकडं व्हतं." ते माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नसावेत. "मी भ्यालो, शशी. खाली बघितलं आणि हात सुटले. मला वाटलं, मी तुला सोडून पळालो."

अठरा वर्षं मी समजत होतो की त्यांना खरं ठाऊक आहे आणि माझ्यावर उपकार म्हणून ते गप्प आहेत. त्यांना ठाऊकच नव्हतं.

"म्हंजे सोडायचंच व्हतं?" त्यांनी विचारलं.

"सोडायचंच होतं."

"आगं," त्यांनी घरात हाक मारली. परत मारली. "आगं, भायेर ये जरा."

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. नाना म्हणाले, "ह्यो शशी. सांग हिला. मला सांगितलंस तसं सांग."

मी पुन्हा सगळं सांगितलं. काकू चौकटीला धरून ऐकत होत्या. माझं संपलं तेव्हा म्हणाल्या, "म्हंजे ह्यांनी हुकूम ऐकून सोडलं?"

मी नानांकडे बघितलं आणि म्हणालो, "होय काकू."

"न्हाई," नाना म्हणाले. "खोटं नको. मी काय ऐकलं न्हवतं. भ्यालो म्हणून सोडलं. पर सोडायचंच व्हतं गं. सोडणंच बरुबर व्हतं." त्यांनी ते आणखी एकदा म्हटलं, हळू, आणि मग तोंडावरून पंजा फिरवला.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्हाला हे कधीपास्नं ठाऊक?"

"त्याच दिवसापासून."

"थोरल्याच्या लग्नात हे मांडवात बसलं न्हाईत," त्या म्हणाल्या. "क्लबातलं कोन पावणं आलं तर, म्हणून. पोराच्या डोस्क्यावर अक्षता टाकाया सुदीक आलं न्हाईत."

एवढं बोलून त्या आत गेल्या. नाना तार गुंडाळायला लागले. चार फेरे घातले, चुकले, उलगडले, परत घालायला लागले. मी उठेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.